मुदतीच्या आत आलेली जाहिरात

आमच्या तासगावच्या कॉलेजात तासावर शिकवणारे एक सर आहेत, पीएचडी झालेले. कुठल्याही विद्यापीठात पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा निघाली की सगळ्यात आधी यांना कळतं, आणि आम्हा पीएचडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात पडते ती मुदत संपल्यावर! विचारलं की म्हणायचे, "आगं, नेट लय स्लो हाय." त्याच नेटवरून त्यांचा स्वतःचा अर्ज मात्र वेळेत गेलेला असायचा.

परवा चक्क दहा दिवस आधी जाहिरात आली! मी पळतच स्टाफरूममध्ये गेले. "सर, तुमी भरला का फॉर्म?"

"न्हाई गं. पस्तीसची अट हाय, आन् मी गेल्या महिन्यात छत्तीसचा झालो." मग शेजारची खुर्ची ओढून म्हणाले, "बस. तुझा भरू. काय लिवलं की नापास करत्यात, ते मला समदं पाठ हाय."