ठिगळाची मोट

मंगरूळपीरच्या शिवेवर गुलाबरावांचा वांग्या-मेथीचा मळा होता. विहिरीवर चामड्याची मोट. भरलेली मोट ओढत बैल उतारावरून खाली निघाले की गुलाबराव ताणलेल्या नाड्यावर, मोट ओढणाऱ्या जाड दोरावर, बसत. माणसाचं वजन पडलं की बैलांची ओढ हलकी होते. बसणाऱ्याचे पाय जमिनीपासून सुटतात, आभाळ खाली आल्यासारखं वाटतं, मागे पाणी हौदात कोसळतं. उभ्या जन्मात त्यांनी केलेल्या चैनी दोनच. ही एक, बिडी दुसरी.

पोटात डावीकडे कळ यायची. ती दबेनाशी झाली तेव्हा गिरजाबाईंनी त्यांना अकोल्याला नेलं. आतड्याला बारीक फुगे आले होते, त्यातला एक सुजून फुटला होता. डॉक्टरांनी नासका भाग काढला आणि दोन्ही टोकं शिवली. घरी सोडताना ते म्हणाले, "आतला सांधा धरलाय. वरची जखम अजून कच्ची आहे. बिडी ओढलीत तर ती भरणार नाही. खोकलात, कुंथलात, ओझं उचललंत, तर उसवेल. ताप आला की थांबू नका, इकडे या."

गुलाबरावांनी बिडी सोडली. पाण्याचा तांब्यासुद्धा गिरजाबाई हातात देत. शेजारच्या मळ्यातला रामराव मोट हाकी आणि हे आंब्याखाली बाजेवर पडून राहत. डोळा लागला की चाकाची कुरकुर लांब जाई. मग वाटे, विहीर आपल्या पोटातच आहे, कोणीतरी आत हळूहळू मोट सोडतं आहे.

मोटेला नवं ठिगळ होतं. गुलाबराव झोपेतून उठून ओरडत, "रामराव, अर्धीच भर! टाका भिजून बसू दे."

"तुह्या पोटापेक्षा मोटेची काळजी जास्त हाय, गड्या," रामराव म्हणे.

एके सकाळी रामराव मालेगावच्या बाजाराला गेला. मेथीनं माना टाकल्या होत्या. गुलाबरावांनी बैल जुंपले. मोट अर्धीच भरली, ठिगळाला जपलं. ओझं काही उचललं नाही. मग नाड्यावर बसले. पाय सुटले. अंग पिसासारखं झालं आणि सगळं दुखणं मागे विहिरीत राहिलं. पुन्हा बसले, तेव्हा पोटात काहीतरी सैल झालं. धोतर ओलं लागलं. मोटेचं पाणी उडालं असेल, असं त्यांना वाटलं. पण ओल कोमट होती.

गिरजाबाई धावत आल्या. "काय उचललं तुमी?"

"काईच नाही. नाड्यावर बसलो फक्त."

"आन् नाडा काय तुमाले कडेवर घेऊन राह्यला होता?"

पुन्हा अकोला. जखम उसवली होती, तिच्यात पू झाला. आतला सांधा मात्र टिकला. तापात गुलाबराव बरेच दिवस तरंगत होते. पांढऱ्या भिंतीतून बैल उतरत, मोट वर येई आणि रिकामी निघे. ताप ओसरल्यावर डॉक्टरांनी समजावलं, "नाड्यावर तोल धरायला पोटच आवळावं लागतं. तो ताण ओझ्याएवढाच. आता पोटाची भिंत कायमची कमजोर राहील. नाड्यावर पुन्हा बसू नका."

गुलाबरावांनी पोटावर हात ठेवला. मग म्हणाले, "ठिगळाले मी जपलो, डॉक्टर. टाका इकडं होता."

घरी आले ते पोटावर पट्टा बांधून, जखमेपाशी एक फुगवटा घेऊन. जखम पुरती भरल्यावर बैलांच्या बाजूनं रिकाम्या हातानं चालू लागले. नाड्यावर वजन नाही, तर बैल लवकर दमत. पाणी कमी पडे. त्यांनी कडेचे वाफे मोडले. जेवढं पाणी, तेवढीच मेथी.

एका दुपारी गिरजाबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि बैल उताराला लागताच नाड्यावर बसल्या. रामराव बांधावरून पाहतच राहिला. "वयनी, बायामाणसाचं काम हाय का हे?"

त्यांनी ऐकलंच नाही. पाय सुटले होते. खाली उतरल्या, तशा जरा वेळ आभाळाकडे बघत उभ्या राहिल्या.

"एवढी मजा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आन् इतके वर्स एकल्यानंच?"

गुलाबरावांनी बैल मागे सारले. मोट आत गेली.

"पूर्ण भरू देऊ?" त्यांनी विचारलं.

"भरू द्या. माहा टाका शाबूत हाय."