कौल लावून बसवलेलं हँडल

अन्याय झाला तो आमच्या हवालदारावर. कधी? त्रेसष्ट साली, तुळशीचं लग्न आटोपल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. कुठे? ग्रामदेवतेच्या सभामंडपात, पंचवीसेक माणसांच्या साक्षीने. त्या पंचवीसांत मीही होतो, आणि इतिवृत्ताची वही माझ्याच मांडीवर होती. तेव्हा ऐकीव गोष्ट सांगत नाही.

आमची पूल समिती. खाडीवर पूल व्हावा म्हणून आम्ही पत्रकं काढायचो. लिहायचो मी, वाटायचा हवालदार. लष्करातून पेन्शनीत निघालेला माणूस. लढाईत फटफटीवरून निरोप पोचवायचं काम केलेला. उजवा खांदा तेव्हाच निखळून कायमचा आखडलेला. हात छातीच्या वर जात नसे. पोलीस दिसला तरी सलाम डाव्या हाताने ठोकायचा, आणि पोलीस ओशाळायचा.

फटफटी समितीची. लष्कराच्या लिलावातली, साडेतीनशे सीसीची, लांब पल्ल्याची. घेतल्यावर दोन वर्षं तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. हवालदाराने एक पावसाळा खर्ची घालून ती उठवली आणि कसालपासून देवगडपर्यंत एक गाव सोडलं नाही. आम्ही भाषणं करायचो, तो गावं गाठायचा. चळवळ कोण चालवत होतं ते तुम्हीच ठरवा.

तर पूल नाही, म्हणून फटफटी होडीत चढवावी लागे. एकदा फळी सरकली, गाडी कठड्यावर आपटली आणि हँडल वाकडं झालं. पूल नसल्याचा याहून ढळढळीत पुरावा सरकारला काय हवा होता? पण तो दाखवायचा सोडून आम्ही हँडल निवडायला बसलो.

हवालदाराची निवडायची रीत साधी. तो आमच्या ओसरीच्या बाकावर बसला, डोळे मिटले आणि दोन्ही हात सैल पुढे सोडून दिले.

समितीचे अध्यक्ष आत येत म्हणाले, "हवालदारानू, झोप लागली काय?"

"नाय. हात खंय येतत ता बघतंय."

मुठी जिथे आल्या तिथे मी सुतळीने माप घेतलं. गुडघ्यापासून दीड वीत वर, अंगाकडे वळलेल्या. दिवसभर चालवलं तरी खांद्यावर भार येणार नाही, असं. त्या मापाचं बुटकं, मागे वळलेलं हँडल एस.टी.च्या कंडक्टरकरवी कोल्हापूरहून आलं. रंग काळा, चकाकी शून्य. फणसाच्या वाळक्या फांदीसारखं दिसायचं, पण माणसाच्या मापाचं होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या मेव्हण्याने मुंबईहून दुसरं आणलं. उंच, रुंद, निकेल चढवलेलं, रेड्याच्या शिंगांसारखं. त्यात तोंड दिसायचं. अध्यक्षांना त्यात आपलं तोंड दिसलं आणि तिथेच निकाल लागला. अध्यक्ष काजूचे व्यापारी. फटफटीवर ते एकदाच बसले होते, तेही फोटोपुरते. पण मिरवणुकीत झेंडा बांधायला उंच हँडल शोभतं, हे त्यांचं मत. हवालदार म्हणाला, हात पोचत नाही. अध्यक्ष म्हणाले, सवय होते. वाद वाढला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, देवाला विचारा.

लग्न, जमीन, हरवलेली म्हैस, सगळ्याला आमच्याकडे कौल लावतात. गुरव पाषाणाला पाण्याने कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हँडलाला लावल्याचं मात्र मी पहिल्यांदाच पाहिलं. दोन्ही हँडलं देवापुढे मांडली. गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ह्यांका खाडीर पूल होयो आसा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेच्यापायी फिरता त्या फटफटीक ह्यां उंच हँडल लावूक तुझी राजी आसली तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी ओरडलो. आणि माझ्या शेजारी हात जोडून उभा असलेला हवालदारही ओरडला. गाऱ्हाण्यात 'होय म्हाराजा' कोणी विचार करून म्हणत नाही. शिंक आल्यासारखं येतं ते. उजवी कळी पडली. हवालदार माझ्या कानाशी पुटपुटला, "देवान कधी क्लच दाबल्यान?" मला हसू आलं. देवाचं वाहन नंदी, आणि नंदीला केबल नसते.

हसता हसता मी वहीत लिहिलं: 'उंच हँडल बसवण्याचे एकमताने ठरले.' माझ्या हातून लिहिली गेलेली ही सगळ्यांत नालायक ओळ. पत्रकांतून सरकारला खोटारडं म्हणणारा मी, दोन वितींवर उभ्या असलेल्या माणसाचा नकार मला दिसला नाही.

हँडल त्याच दुपारी देवळाबाहेरच्या पिंपळाखाली बसवलं. हवालदाराने स्वतः पाना घेतला, हुकूम म्हणजे हुकूम. क्लॅम्प आवळला, मुठी चढवल्या आणि थांबला. हँडल उंच झालं, पण केबली जुन्याच, आखूड. त्याने हँडल डावीकडे वळवलं, तशी रेसची केबल वीणेच्या तारेसारखी ताणली.

"वळवलां काय गाडी आपसूक रेस घेतली. माका आठ दिवस द्येवा. लांब केबली हाडतंय."

"सभा परवा आसा," अध्यक्ष म्हणाले. "आणि हवालदारानू, तुमी सोता 'होय म्हाराजा' म्हटल्यात. मगे आता?"

"ता मी ल्हानपणापासून म्हणतंय."

सगळे हसले. मीही हसलो. त्याने पाना पिशवीत टाकला.

सभा कसालच्या बाजारात. टेबल, त्यावर अध्यक्षांची खुर्ची, त्यावर अध्यक्ष. समोरून हवालदार झेंडा फडकवत आला, उजवा हात फासावर लटकल्यासारखा ताणलेला. टेबलाला वळसा घालायला त्याने हँडल डावीकडे वळवलं, केबल ओढली गेली आणि फटफटी गरजली. हँडल आवरायला त्या हातात जोर कुठला? गाडी सरळ टेबलाखाली घुसली. अध्यक्ष झेंड्यासकट सुक्या मासळीच्या टोपल्यांत जाऊन बसले. त्यांच्या सबंध कारकिर्दीत लोकांनी इतक्या मनापासून टाळ्या कधी वाजवल्या नव्हत्या.

पण हवालदाराचा खांदा पुन्हा निखळला होता, आणि तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. अध्यक्षांनी सदऱ्यावरचे बांगडे झटकत तिथेच शुद्ध मराठीत ठराव मांडला: चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला असून वाहन त्यांच्या ताब्यातून काढून घेण्यात यावे. हात वर झाले. एक हात वर होऊच शकत नव्हता, तो आणि आणखी एक सोडून सगळे.

माझा झाला नाही, पण मी तोंडही उघडलं नाही. हात वर करणं काय, गप्प बसणं काय, किंमत सारखीच.

त्याला दोन वर्षं होतील. फटफटी अध्यक्षांच्या काजूच्या वखारीत आहे, शिंगं अजून चकाकतात, कोंबड्या परत आल्या आहेत. पूल नाही तो नाहीच. हवालदाराचा खांदा बसवला, घाटापर्यंत गाडी चालवू शकेल इतपत तो बरा आहे. त्याला दया नको. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाला, "माफी ऱ्हवांदे. माझां हँडल खंय आसा ता सांग."

मी शोधलं. त्या दिवशी देवापुढे पडून राहिलेलं ते काळं, बुटकं हँडल समितीतल्याच कोणीतरी उचलून नेलं. आता ते एका पडवीत दोन खिळ्यांवर आडवं टांगलं आहे, आणि त्यावर पंचे वाळतात. पडवी मी पाहिली आहे. नाव लिहीत नाही, कारण तू हे वाचतो आहेस, आणि तुझंच आहे हे तुला कळलं आहे.

सोमवारी संध्याकाळी समितीची सभा आहे. 'एकमताने' हा शब्द मी सगळ्यांसमोर खोडणार आहे आणि फटफटी परत द्यायचा ठराव मांडणार आहे. लांब केबलींची आता गरजच नाही. बुटक्या हँडलाला जुन्या पुरतात. पाना हवालदाराकडे आहे. फक्त हँडल तुझ्याकडे आहे.

पंचा काढ. हँडल घेऊन ये. आणि ठरावाला हात वर करण्याआधी, गाडी कोण चालवणार आहे त्याला विचार.