कान टोचणारी चाची

शेगावच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात एक चाची कान टोचते. टोचून घ्यायला आलेल्या मुलाशी गप्पा होईपर्यंत तिची सुई ओढणीआड असते. मी भाचीला घेऊन गेलो, तर मला बाजूला सारून तिनं भाचीलाच विचारलं, "हा कोन व्हय तुया?"

सुईच्या धास्तीनं भाची ठणकावून म्हणाली, "मी नाई ओळखत याले!"

झालं! चाचीनं तिला आपल्यामागं घेतलं. गिऱ्हाईक बायका मला चोरासारखं न्याहाळू लागल्या. शेवटी मी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला; मला ओळखून ती हसत सुटली, तेव्हा कुठं सुटलो.

चाचीही हसली, पण सुई डबीत ठेवत म्हणाली, "मामा हाय तुमी, पटलं. पन पोरगी नाई म्हनून राह्यली ना? मंग नाई टोचत."

एवढी फजिती होऊनही मला फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात भाचीच मला ओढत घेऊन गेली. दुकानाबाहेरूनच ओरडली, "चाची, हा माहा मामाच हाय! आता टोचा!"