कोऱ्या दंडाची नात

आमच्या या जपानी बेटावरच्या कुणाही तरुणाच्या डाव्या दंडाची बाही वर सरकवा, तिथं फुसाएची सही सापडेल. क्षयाच्या लसीचा नऊ सुयांचा शिक्का, दोनदा दाबलेला, म्हणजे अठरा ठिपके. तीस वर्षं ती आरोग्यकेंद्रात परिचारिका होती आणि बेटावरचं एकही तान्हं पोर तिच्या हातून सुटलं नव्हतं. लोक तिला शिक्केवालीच म्हणत. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, एवढी पोरं रडवलीत, आणखी घरची कशाला?

या ठिपक्यांचं एक गुपित होतं. आमच्याकडे लहान पोरांना एक ताप येतो. डोळे लाल, ओठ लाल, जीभ पिकल्या तुतीसारखी, अंगावर चट्टे. अंगाची रोगाशी लढणारी फौजच पिसाळते आणि घरच्याच माणसांवर, हृदयाच्या नसांवर, उठते. का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. गोऱ्या पोरांना तो क्वचित येतो, आमच्या पोरांना कितीतरी पट जास्त. अगदी हवाईला जाऊन तिथलेच झालेल्या जपान्यांच्या पोरांनासुद्धा. माणूस समुद्र ओलांडतो, रक्त काही ओलांडत नाही. म्हातारे म्हणायचे, माघवाऱ्यावर बसून येतो हा ताप, पलीकडच्या मोठ्या मुलखातून. तर या तापात पुष्कळदा ते जुने ठिपके लालबुंद होऊन वर येतात. ताप कळला की फुसाए आधी बाही वर करायची. ठिपके पेटलेले दिसले की पोर थेट बोटीत, शहरच्या इस्पितळाकडे. अशी चार पोरं तिनं वाचवली होती.

फेब्रुवारीत तोराजी मासेमाराची मुलगी चिझुरू हॉलंडहून माहेरी आली. नवरा तिकडचाच. पोरगी मारिका दोन वर्षांची, पिंगट केसांची, पण डोळे थेट तोराजीचे. शनिवारी पोरीला ताप भरला. सोमवारी फुसाएला बोलावणं आलं. डोळे लाल होते, ओठ फुटले होते. तिनं बाही वर केली. दंड कसा, लोण्यासारखा. तिच्या जिवात जीव आला आणि ती सांगून मोकळी झाली, की तो ताप नाही हा, घसा धरलाय, पाणी पाजत राहा.

आता खोटं कशाला बोला, तीस वर्षांची सवय म्हणजे डोळ्यांवरची झापडंच. दंड स्वच्छ म्हणजे ताप साधा, एवढंच ती शिकली होती.

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर ती, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजावरच्या रजईत पाय खुपसून बसली. बाहेर वारा सारखा एकच सूर धरून होता. समुद्र आणि आभाळ एकाच राखेत कालवल्यासारखे झाले होते. डोळा कधी लागला तिला कळलं नाही. समोर कात्सुमी बसला होता, तिचा धाकटा भाऊ, तीनच वर्षांचा, संत्रं सोलत. सालीबरोबर त्याच्या बोटांची कातडीही पापुद्र्यासारखी निघत होती आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मग त्यानं बाही वर केली आणि दंड तिच्यापुढे धरला.

“ताई, माझा शिक्का कुठंय?”

तिनं पाहिलं. दंड कोरा. ती त्याला समजावत होती, अरे, तू शाळेत कुठं जायचास अजून, तेव्हा शाळेतच टोचायचे रे. बोलता बोलता तिला जाग आली. हातात सोललेलं संत्रं होतं.

कात्सुमीला हाच ताप आला होता. एकसष्ट साल, तेव्हा या तापाला नावही नव्हतं. बारा दिवसांनी ताप उतरला, बोटांची सालं निघाली. आई हसत म्हणाली, बघा, सापासारखी कात टाकली माझ्या बाळानं, आणि तिनं सणासुदीचा लाल चवळीचा भात रांधला. तीन आठवड्यांनी देवळाच्या अंगणात झोपाळ्यावर बसलेला कात्सुमी गपकन खाली पडला, तो उठलाच नाही. झोका देत होता दहा वर्षांचा तोराजी. गावानं एवढंच म्हटलं, पोरानं झोका फार वर नेला. तेवढं पुरलं. तोराजी पुन्हा कधी झोपाळ्याजवळ गेला नाही. आपल्या पोरीलाही त्यानं कधी झोका दिला नाही. फुसाएची आई जिवंत होती तोवर दर पौर्णिमेला तिच्या दारात न सांगता मासळी ठेवून जायचा.

फुसाए चपला अडकवून धावत सुटली. वय बासष्ट, चढ उभा. तोराजीच्या घरात शिरताच तिनं पोरीची बाही वर केली आणि दंड खिडकीच्या उजेडात धरला. लाली नव्हती, पण एक ठिपकाही नव्हता. दुसरा दंड पाहिला. तोही तसाच. चिझुरूला तिनं विचारलं, हिला शिक्का मारलाय का? चिझुरू म्हणाली, नाही मावशी, तिकडे ती लस सगळ्यांना देतच नाहीत.

जिथं शिक्काच नाही तिथं काय पेटणार? पोरीच्या हातापायांना सूज चढली होती, अंगावर चट्टे उठले होते. तापाचा पाचवा दिवस. दहाव्याच्या आत औषध गेलं तर हृदय वाचतं, हे फुसाएला पाठ होतं. चिझुरूनं फोन लावून पाहिला, या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. मोठी बोट दोन दिवस बंद. राहिली तोराजीची माकूळ धरायची बोट.

तोराजी जाळ्याची गाठ मारत बसला होता. तो म्हणाला, आज ताप उतरलाय, पोर झोपलीय, सोमवारी तूच म्हणालीस साधा ताप आहे. या लाटांत नेऊन पोरीला बुडवू का? वारा पडला की बघू.

“सोमवारी मी चुकले,” फुसाए म्हणाली. “तोरा, कात्सुमीचाही ताप असाच उतरला होता.”

त्याचा हात थांबला.

“झोक्यानं नाही मेला तो. या तापानं त्याचं हृदय आधीच पोखरलं होतं. तू झोका हळू दिला असतास तरी पडला असता, अंथरुणातही गेला असता. बोट काढ.”

तोराजीनं तिच्याकडे पाहिलं नाही. उठला, पोरीला स्वतःच्या लोकरी कोटात गुंडाळलं आणि बंदराची वाट धरली. तीन तास लागले. चिझुरू ओकून ओकून अर्धी झाली, फुसाए पोरीला पोटाशी घेऊन तळात बसून राहिली. लाटा बोटीला उचलत होत्या, सोडत होत्या, आणि तिला सारखं वाटत होतं, कुणीतरी झोका देतंय.

शहरातल्या डॉक्टरांनी पोरीला बघताच त्याच तापाचं नाव घेतलं. हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेलं पिवळसर औषध रात्रभर थेंबाथेंबानं तिच्या अंगात उतरलं. कोण कुठली माणसं, सगळ्यांनी मिळून त्या पिसाळलेल्या फौजेला समजावलं म्हणायचं. आठवड्यानं हृदयाचं चित्र काढलं. नसा धड होत्या. मारिकाच्या बोटांची सालं निघायला लागली आणि ती मजेत ओढत बसली. चिझुरू हसत होती, रडतही होती.

तोराजी आणि फुसाए बाहेरच्या बाकावर बसले होते. खिडकीतून ऊन आलं होतं. त्यानं विचारलं, झोक्यानं मेला नाही तो, हे तुला कधीपासून ठाऊक होतं?

फुसाएला खोटं बोलता आलं असतं. “नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं,” ती म्हणाली. “चोविसाव्या वर्षी.”

त्यानं मनात हिशेब केला असावा. अडतीस वर्षं. ती सांगू लागली, की खात्री नव्हती, पुरावा नव्हता. आणि मग तेही सोडून खरं ते बोलली, की कुणावर तरी राग धरायला हवा होता, तो सोडवेना. तोराजी भिंतीकडे बघत होता.

“माझ्या नातीचा दंड तू दोनदा बघितलास, फुसा,” तो म्हणाला. “माझ्याकडे एकदा तरी बघायचं होतंस.”

मग तो उठला आणि नातीला सोलून द्यायला पिशवीतलं संत्रं घेऊन आत गेला.