ओढ्याकाठची निरगाठ

हिंगोली ते आखाडा बाळापूर हा माझ्या तरुणपणचा प्रवास मी आजवर पुष्कळांना सांगितला आहे. रस्त्याचा चिखल, ओढ्याचा पूर, वाहून गेलेला बैल. ऐकणारे हळहळायचे. ओढ्यापाशी आलो की मी सगळा दोष पलीकडच्या मोटारीच्या भोंग्यावर टाकायचो आणि पुढे जायचो. आता वयाची ऐंशी उलटली. त्या दिवशी मदारचाचा नावाच्या गाडीवानाचा बैल गेला, आणि तो आपल्याच हयगयीनं गेला असं तो धरून बसला. तसं झालं नव्हतं. कसं झालं ते लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली.

निजामी राजवटीची शेवटची वर्षं होती. मी बावीस वर्षांचा, परभणीकडचा. उर्दू शिकलो होतो म्हणून बाळापूरच्या शाळेत मुदर्रिस (शिक्षक) म्हणून नेमणुकीचा हुकूम मिळाला होता. हुकमात लिहिलेल्या दिवशी संध्याकाळच्या आत सदर मुदर्रिसांपुढे (हेडमास्तरांपुढे) हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

आगगाडीनं हिंगोलीला उतरलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. स्टेशनाबाहेर कळलं की चिखलामुळे सर्व्हिस मोटार आज येत नाही. एका बाजूला छकडा उभा होता. पोळा होऊन पंधरवडा झाला नव्हता, त्यामुळे बैलांच्या शिंगांवर अजून रंग होता. गाडीवान पन्नाशीचा, दाढी निम्मी पांढरी, डोक्याला विटका रुमाल. बाळापूरच्या शाळेत रुजू व्हायचंय, असं मी त्याला सांगितलं.

"बाळापूर? बसा मास्तर. ह्यो बादशा, अन् ह्यो वजीर. बादशा नावाचाच बादशा हाय, राज्य वजीरच चालवतो."

"दिवसाउजेडी पोचायचं आहे, चाचा. माझी नोकरी अडकलीय."

"पोचू की. इन्शाअल्ला."

"इन्शाअल्ला नको. नक्की सांगा."

तो हसला. "नक्की सांगणारा म्या कोण? रस्ता निजामाचा, पाय बैलाचे, पाऊस वरच्याचा. माझ्या हाती हाय तेवढं समदं करतो. इन्शाअल्ला म्हंजी तेच."

मला ती पळवाट वाटली. गाडीत बसलो, पण मनात अढी घेऊनच.

कळमनुरीपर्यंतचा रस्ता आठवतो तो काळ्या मातीच्या वासानं. दोन्ही बाजूंना छातीएवढी ज्वारी, मध्ये कापसाचे पट्टे, बांधांवर अंबाडीची पिवळी फुलं. आभाळ उघडं होतं, पण उत्तरेकडे काळवंडून आलेलं. मदारचाचा दर तासा-दीड तासानं खाली उतरायचा आणि चाकाची खीळ हातानं दाबून बघायचा. मी हुकमाचा कागद खिशात चाचपायचो. असे आम्ही दोघे दिवसभर आपापल्या गोष्टी तपासत चाललो होतो.

कळमनुरीला उन्हं डोक्यावर आली. हे चाचाचंच गाव, पण माझी घाई पाहून घराकडे न वळता त्यानं बैल सोडले आणि लिंबाला बांधले. दाव्याला आधी एक सुरगाठ मारली, म्हणजे सुटं टोक ओढलं की सुटणारी. मग तेच टोक फिरवून वर एक निरगाठ आवळली. दोन्ही बैलांचं तसंच. त्यानंतर तोंड-हात धुऊन तो मशिदीत गेला.

मी सावलीत बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. तो आला आणि त्याची शिदोरी उघडून बसला. ज्वारीची भाकर, लसणाची चटणी, अंबाडीची भाजी. त्यानं मला एक सीताफळ दिलं. "हे घ्या. झाडाचं हाय, आमच्या चुलीचं न्हाई," तो डोळे मिचकावून म्हणाला. मी ओशाळलो आणि खाल्लं.

ओशाळलो होतो म्हणूनच बहुधा मला त्याला टोचावंसं वाटलं. "चाचा, तुमच्याकडे तवक्कल (अल्लावर भरवसा टाकणं) मोठी मानतात ना? मग एका बैलाला दोन दोन गाठी कशाला? भरवसा थोडा कमी पडतो काय?"

हा शब्द मला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होता. हातावर हात ठेवून बसणं, असा त्याचा अर्थ मी मनात धरला होता.

"सुरगाठ आपल्यासाठी, मास्तर. निघायच्या टायमाला झट सुटावी म्हणून. निरगाठ बैलासाठी, त्याच्या पायाखाली टोक येऊन सुटू नये म्हणून." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "अन् ह्या दोन गाठी मारून झाल्या की मग तिसरी त्याची. ती दिसत न्हाई. पण पहिल्या दोन मारल्याबिगर तिसरी मागायची लाज वाटते."

"आणि तरीही बैल गेला तर?"

"मंग गेला. रडायचं. पण रडताना तोंड वर करता यावं एवढं पाह्यचं."

मी हसलो. ते हसणं मला आज आठवतं तेव्हा माझंच तोंड मला दिसतं.

कळमनुरी सोडली आणि चार-पाच कोस गेल्यावर वाट एका ओढ्यात उतरली. आमच्यावर पाऊस नव्हता, पण वरच्या अंगाला झाला असावा. गढूळ पाणी काठाला लागून वाहत होतं, त्यात झुडपं गोल फिरत जात होती. पलीकडे नांदेडकडून आलेली एक मोटार अडकून उभी होती. अलीकडे किसनराव नावाचे शेतकरी आपल्या खोपीपुढे पाणी बघत बसले होते.

"घंट्या-दीड घंट्यात उतरंल," ते म्हणाले. "ह्या ओढ्याला चढायची घाई, उतरायचीबी घाई."

सूर्य कलला होता. बाळापूर अजून दीड-दोन कोस. मला बसवेना. पाणी किती उतरतं ते कळावं म्हणून मी कडेला एक काडी खोचली होती, तिच्याकडे दर थोड्या वेळानं जाऊन बघत होतो. काडी दोन बोटं उघडी पडली होती, आणि मदारचाचा शांतपणे बैल सोडत होता. दोन्ही बैल त्यानं काठाजवळच्या बाभळीला बांधले. सुरगाठ, मग निरगाठ. मग गाडीतल्या मडक्यातलं पाणी घेऊन त्यानं हात-पाय धुतले.

"आता परत नमाज? पाणी उतरून राहिलंय, चाचा!"

"उतरू द्या. तवर माझी होते. जरा नजर ठेवा बैलावर."

त्यानं रुमाल अंथरला आणि पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. पाठ आमच्याकडे.

मी बाभळीजवळ गेलो. पाणी उतरताच जुंपायला उशीर नको म्हणून मी वजीरच्या दाव्याची निरगाठ सोडली. वर्षानुवर्षं मी स्वतःलाही एवढंच कारण दिलं, घाईचं. ते अर्धंच आहे. नखांनी ती आवळलेली गाठ उकलताना माझ्या मनात असंही होतं की बघू या, ह्याची ती न दिसणारी गाठ किती पक्की आहे. सुरगाठ तशीच राहिली. सुटं टोक खाली मातीत लोंबत राहिलं. बादशाच्या गाठीला हात घालणार इतक्यात पलीकडच्या मोटारीनं भोंगा वाजवला.

वजीर दचकला. मागे सरकताना त्याचा खूर त्याच टोकावर पडला, मान वर झाली आणि गाठ सुटली. तो दावं ओढत काठानं धावला. भिजलेला काठ त्याच्या भारानं खचला. पाण्यात पडल्याचा आवाजही फारसा झाला नाही.

मदारचाचा नमाज तोडून धावला. किसनराव ओरडत होते, "जाऊ नको रे बाबा!" तो कमरेएवढ्या पाण्यात शिरला, मग गळ्याएवढ्या. वजीरची रंगवलेली शिंगं एकदा वर आली, दूर. दुसऱ्यांदा आली ती फारच दूर. किसनरावांनी काठी पुढे केली नसती तर चाचाही गेला असता.

काठावर आला तेव्हा त्याच्या दाढीतून चिखल गळत होता. तो माझ्याकडे आला नाही, सरळ बाभळीकडे गेला. बादशाची गाठ बघितली. मग वजीरची जागा, बाभळीच्या सालीवर दोन्ही हात फिरवून.

"म्या निरगाठ मारली व्हती का न्हाई?" तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी हितंच व्हता. तुमी पाह्यलं असंल. मारली व्हती का?"

त्याचे डोळे माझ्यावर होते. त्याला बैल परत नको होता त्या घटकेला, फक्त एवढं एक उत्तर हवं होतं.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

किसनराव वाईट माणूस नव्हते, पण हबकलेला माणूस काहीही बोलतो. "मदारभाई, लई भरवसा ना तुमचा? मंग तुमच्या अल्लानं कुठं धरला बैल?"

"त्याला काहून मधी आणता, किसनराव? त्याचं काम तो आजवर करत आला. माझंच म्या केलं न्हाई. नमाजेची घाई केली असंल, गाठ इसरली असंल."

मग त्या ओल्या कपड्यांतच त्यानं तोडलेली नमाज पहिल्यापासून पढली. त्यात तो इतका वेळ वाकलेला राहिला की बादशानंसुद्धा मान वळवून पाहिलं. मी ओढ्याकडे तोंड करून उभा होतो.

पाणी उतरलं तेव्हा अंधारत आलं होतं. किसनरावांनी मुक्कामाला ठेवून घेतलं. सकाळी आपला एक बैल त्यांनी बादशाच्या जोडीला दिला आणि आम्ही बाळापूरला पोचलो. त्या दिवशी बाजार होता, वाटेवर गर्दी होती.

सदर मुदर्रिस घड्याळाकडे बघत म्हणाले की उशिराची कैफियत (लेखी खुलासा) द्या, साक्षीदाराच्या अंगठ्यासह. योग्य वाटली तर ठेवून घेईन. मी बाकावर बसून उर्दूत लिहिलं: गाडीवानाने बैल नीट न बांधल्यामुळे बैल सुटून पुरात गेला, त्यामुळे विलंब झाला. ओढ्याला पूर होता एवढं लिहूनही काम भागलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एकदा लिहून ठेवलं की मग तेच खरं होईल, अशी माझी समजूत असावी.

बाहेर येऊन मी कागद चाचापुढे धरला.

"काय लिवलं, मास्तर?"

"तुमचा बैल सुटला, म्हणून मला उशीर झाला."

"बराबर हाय," तो म्हणाला आणि अंगठा उठवला.

माझी नोकरी राहिली. पुढे तीसहून जास्त वर्षं तीच केली. तो कागद कुठल्या तरी फडताळात कुजला असेल. माझ्यापाशी तो अजून आहे तसा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच रस्त्यानं गावी परतलो. या वेळी मोटार चालू होती, ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं, काठावर बायका कपडे धूत होत्या. कळमनुरीला मी मुद्दाम उतरलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, शब्दसुद्धा ठरवले होते.

मदारचाचाचं घर वस्तीच्या कडेला होतं. दारात छकडा उभा होता, जू जमिनीला टेकलेलं. एका बैलावर गाडी चालत नाही म्हणून बादशा विकला होता. चाचा बाजारात पोती वाहत होता. मला बघून त्याला फार आनंद झाला. बायकोला हाक मारून त्यानं चहा सांगितला. ती बाई म्हणाली, "ह्यांना समजावा जरा, मास्तर. तीन-तीनदा उठून दाराची कडी पाहतात. नमाजेला उभे राह्यले की मधीच वळून मागं पाहतात."

"गप गं," चाचा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता बोलला, "मशिदीत लोक म्हणायचे, मदारभाई, तुमी सांगा पोरांना, आपलं काम करा मंग त्याच्यावर सोडा. आता कोणत्या तोंडानं सांगू? बैल गेल्याचं दुःख न्हाई, मास्तर. बैल लई येतात. पण म्या माझा हिस्सा न करता त्याच्यापुढं उभा राह्यलो, ह्ये जाऊन न्हाई राहिलं."

तोंड उघडायची वेळ हीच होती. मी कप खाली ठेवला. आणि त्यानं माझा हात धरला.

"तुमच्या नोकरीला माझ्यापायी तकलीफ झाली असती. कधीचं म्हणायचं व्हतं. माफ करा मला."

"असू द्या, चाचा," मी म्हणालो. त्या दिवशी माझ्या तोंडून एवढेच शब्द निघाले. मोटार सुटायची वेळ झाली असं सांगून मी उठलो. तो फाट्यापर्यंत माझी पेटी घेऊन आला. मी घेऊ दिली.

त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक सुट्टीत मी कळमनुरीवरून गेलो आणि उतरलो नाही. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या गडबडीत शाळा बंद पडली, माणसं इकडची तिकडे झाली. सगळं निवळल्यावर मी पुन्हा गेलो तेव्हा त्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, नातेवाइकांकडे गेले, हैदराबादच्या बाजूला कुठंतरी. पुढे एका बाजारात चाचाच्या नात्यातलाच एक जण भेटला. चाचा तिकडेच वारला, असं त्यानं सांगितलं. शेवटी शेवटी काय म्हणत होता, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

वाटेत ठरवलेले शब्द फार नव्हते. ते असे होते: चाचा, तुम्ही गाठ मारली होती. दोन्ही मारल्या होत्या. तुमची नमाज होत असताना निरगाठ मी सोडली, या हातांनी, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुमचा हिस्सा तुम्ही पुरा केला होता. मला माफ करा.