सत्काराच्या खुर्चीवरून मी का उठले

मुलांनो, मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. इंग्रजीत लिहिणं मला जड नाही, माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण हे भांडण मराठीत झालं, म्हणून ते मराठीतच सांगते. आता सांगायचं कारण असं की परवा तुमच्या बाबाने फोनवर इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता मला कळवलं, की समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या त्या बोटीत त्याने पुन्हा जागा धरल्या आहेत. या वेळी दोन. एक त्याची आणि एक थोरलीची, तिला अठरा पूर्ण झाले की लगेच. त्याच संध्याकाळी थोरलीचा निरोप आला: आजी, तू भर सभेत बाबाचा अपमान केला होतास, खरं का?

खरं आहे. कसा केला तेही वाचा, म्हणजे ठरवायला बरं.

दोन हिवाळ्यांपूर्वी तुमचा बाबा एकटाच नागपूरला आला होता. एका खासगी कंपनीच्या छोट्या पाणबुडीतून तो सूर्याचा उजेड पोचत नाही इतक्या खोल उतरणार होता, आणि जाण्यापूर्वी त्याला माझा आशीर्वाद हवा होता. मी आधी त्याला घरीच विचारलं, चहा घेता घेता, शांतपणे. बोट तपासली कोणी? म्हणाला, कंपनीच्या इंजिनिअरांनी. बाहेरच्या कोणी? म्हणाला, त्याची गरज नसते, कारण बोट कुठल्याच देशाच्या हद्दीत उतरत नाही. शिवाय तो प्रवासी नव्हता. पैसे भरून जाणाऱ्याला ती कंपनी मोहिमेचा सदस्य म्हणत होती. यात मला काही नवल वाटलं नाही. प्रवासी म्हटलं की त्याच्या जिवाची जबाबदारी येते, सदस्य म्हटलं की येत नाही. अशीच एक खासगी बोट आतल्या माणसांसकट चिरडली गेली होती, त्याची आठवण करून दिली तेव्हा म्हणाला, "ती कंपनी वेगळी, आई."

तुमचे आजोबा बॉयलर इन्स्पेक्टर होते, हे तुम्हाला नुसतं ऐकून माहीत आहे. काम काय करत ते सांगते. वाफेच्या दाबावर चालणारी कुठलीही टाकी वापरात येण्याआधी ते ती पाण्याने काठोकाठ भरायला लावत आणि रोजच्या कामाला लागतो त्याहून जास्त दाब देत. मग सांध्यांवरून हात फिरवत, कुठे ओल येते का बघत. पाणी अशासाठी, की टाकी कच्ची असलीच तर पाणी गळून जातं, कोणी मरत नाही. वाफ माणसं मारते. आणि ज्याला टाकी विकायची किंवा चालवायची आहे त्याचा शब्द ते कधी धरत नसत. कामठीला सुताला खळ देण्याच्या एका कारखान्याचा बॉयलर त्यांनी ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद करवला होता. मालक घरी येऊन बसला, मिठाईचा डबा ठेवून गेला, तो डबा मी स्वतः रिक्षाने परत पोचवला. त्या बॉयलरपाशी कोणी मेलं नाही. म्हणून तुमच्या आजोबांचा कधी सत्कारही झाला नाही.

तुमच्या बाबाचा मात्र झाला, आणि तोही जाण्याआधीच. आपल्याकडे माणसाने काही केलं की शाल आणि नारळ मिळतो. इथे तुमचा बाबा रविवारी परत निघणार होता आणि कॉलनीचा हॉल शनिवारी रिकामा होता, एवढंच कारण. समुद्र नागपूरहून कुठल्याही दिशेने निघालात तरी लांब, त्यामुळे तळाशी जाणारा माणूस आपल्या गल्लीतला निघावा याचं लोकांना फार अप्रूप. ज्येष्ठ नागरिक मंडळाने फलक लावला, निळ्या रंगावर बाबाचा फोटो आणि शेजारी एक देवमासा. तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, इतवारीहून खास जरीची शाल घेऊन आली. मला व्यासपीठावर खुर्ची दिली होती.

शाल झाली, नारळ झाला, तीन भाषणं झाली. मग अध्यक्षांनी मातोश्रींना दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले आणि बाबाकडे वळून विचारलं, "तू ज्या बोटीत बसणार आहेस ती, नेमकी तीच बोट, त्या कंपनीचा पगार न घेणाऱ्या एकाने तरी तपासली आहे का?"

तो हसला. म्हणाला, "आई, हे आपण घरी बोलू."

"घरी बोललो. तू म्हणालास, गरज नाही. आता ते या सगळ्यांना सांग. टाळ्या ते वाजवणार आहेत."

हॉलमध्ये कुजबुज झाली. बाबाने माइक हातात घेतला आणि म्हणाला, कोणीतरी पहिलं गेल्याशिवाय जग पुढे जात नाही. जोरात टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत मी उभी राहिले.

"मग पहिल्यांदा रिकामी बोट जाऊ दे," मी म्हटलं. "पुन्हा पुन्हा जाऊ दे. मग तिचं कवच बाहेरच्या माणसाला तपासू दे. तोवर या सत्कारात मी नाही."

आणि व्यासपीठावरून खाली उतरून मी चालू लागले. मागच्या रांगेतून ऐकू आलं, "बाई लय कडक आहे गा. मास्तरीण होती काय?" दुसरा म्हणाला, "काहून, दिसून नाही राहिलं का तुले?"

आत्याआजी माझ्यामागून धावत आली. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "पोराची इज्जत काढली वं वहिनी तू. एवढी शाल घातली त्याले." मी तिला सांगितलं की शालीचंच मला भय आहे. तेव्हा तिला ते कळलं नाही. जेवणानंतर कळलं. बाबाने ताट सारलं आणि म्हणाला, "थोडी शंका माझ्याही मनात होती, आई. पण आता कसा मागे फिरू? सगळ्या कॉलनीने शाल घातली आहे." आत्याआजीने पदर तोंडाला लावला. आम्ही दोघींनी मिळून त्याला थांबवायला हवं होतं, आणि तिने त्याच्यासाठी जरीची शाल आणली होती.

रविवारी तो निघाला. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची आपली पद्धत आहे. मी घातलं नाही. आत्याआजी म्हणाली, अपशकुन होतो. मी म्हटलं, शकुन मी मानत नाही, पण माझ्या हाताने मी याला जा म्हणणार नाही. दही तिने घातलं. तो माझ्या पाया पडला, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मुलासाठी होता, बोटीसाठी नव्हता.

तो परत आला. जहाजावरूनच फोन केला. काळोखात ठिणग्यांसारखे चमकणारे जीव त्याने पाहिले होते, त्यांचं वर्णन करताना तो लहान मुलासारखा भरभर बोलत होता. मग म्हणाला, उगाच घाबरलीस. आणि जाता जाता असंही म्हणाला, की उतरताना कवचाने दोनदा मोठा कडकडाट केला, पण चालक म्हणाला नवं कवच असंच जागेवर बसतं.

बाळांनो, पाण्यात दर दहा मीटरला, जमिनीवर हवेचा जेवढा असतो तेवढा दाब आणखी वाढतो. ते कवच पोलादाचं नाही, थरावर थर चिकटवून केलेलं आहे. पोलाद बहुधा आधी वाकतं, दिसतं. थर आतल्या आत सुटत जातात आणि दर फेरीला थोडे आणखी. तो कडकडाट म्हणजे बसणं होतं की सुटणं, हे सांगायला तिथे कंपनीखेरीज कोणी नव्हतं. बाबा परत आला यावरून एवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी बोट टिकली.

बाबा म्हणतो मी भित्री आहे. मी एकटीने घर चालवलं, नोकरी केली, रात्रीबेरात्री साइटवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहिली. भिते ती मी तपासल्याशिवाय चालवलेल्या टाक्यांना. थोरले, तुला समुद्र पाहायचा असेल तर त्याचं शिक्षण घे. संशोधक उतरतात त्या बोटी बाहेरची माणसं वर्षानुवर्षं तपासतात. तशा बोटीतून निघालीस तर दही मी घालीन, आत्याआजीला हात लावू देणार नाही. पण ही जागा सोड. बाबा रागावेल. तुझ्या मैत्रिणींना आधीच सांगून झालं असेल, तेही मला कळतं. तरी सोड. सगळ्यांना सांगून झाल्यावरही नाही म्हणता येतं, आणि ते म्हणायला तुला माझ्या परवानगीची गरज नाही.

बाबाचं आणि माझं त्यानंतर या विषयावर एकदाही एकमत झालेलं नाही. दर रविवारी त्याचा फोन मात्र येतो, आणि मी तो उचलते. तुमचा बाप जिवंत आहे. थोरलीची जागा घ्यायची की सोडायची, हे अजून तिच्याच हातात आहे. माझा नकार जसाच्या तसा आहे.