केतकीच्या वरमाला आणि माझं वनस्पतिशास्त्र

आमच्या घराण्यात फुलांतलं कळतं ते फक्त मला. अमरावतीच्या कॉलेजात सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय मी! (मुलांना ते किती कळलं, हा प्रश्न इथे गैरलागू.) त्यामुळे अकोल्याच्या माझ्या भाचीचं, केतकीचं लग्न ठरलं, तेव्हा वरमालांचं खातं मी न विचारताच स्वतःकडे घेतलं. नवरदेव माझाच जुना विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसायचा आणि बहुतेक झोपायचा.

वहिनीचा बेत कापडी हारांचा होता. "मे मयन्यातलं लग्न हाय ताई! खरे फुलं टिकत नाईत. अकोल्याचं ऊन तुमाले मालूम नाई का?"

"कापडी हार घालायचे तर नवराही कापडाचाच आणा!" मी म्हणाले.

केतकी माझ्या बाजूची. "आत्या, मले खऱ्या गुलाबाचाच हार पायजे. फोटो जलमभर राह्यतात." पोरीने आयुष्यात एकच चूक केली, माझ्यावर भरवसा ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी अमरावतीच्या फुलवाल्याचा मी दोन तास जीव खाल्ला. एकेक गुलाब उलटा करून देठ तपासला. शेवटी त्याने हात जोडले. "बाई, हार न्याचे हायेत का फुलायची परीक्षा घेऊन राह्यल्या?" मग हारांवर पाणी किती शिंपडावं, यावर मी त्याला एक छोटंसं व्याख्यान दिलं. (त्यांचा धंदा तीन पिढ्यांचा आहे, हे त्याने नंतर सांगितलं.)

संध्याकाळी हार घेऊन अकोल्याला पोचले. घरात सगळ्यात गार जागा म्हणजे मागची कोठीची खोली.

"तिथं आंब्याची अढी हाय ताई," वहिनी म्हणाली. लग्नानंतर जावयाला रसाचं जेवण करायचं म्हणून चार टोपल्या आंबे तिथे तणसात पिकायला घातले होते.

"असू दे. मला वासाचा त्रास होत नाही."

हार ओल्या फडक्यात गुंडाळले, खिडकी लावली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही! हार तसेच गुंडाळलेले कार्यालयात नेले आणि फडकं सोडलं ते थेट स्टेजवर.

मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली. केतकीने हार उचलला मात्र, पाकळ्या भुरुभुरु गळायला लागल्या! नवरदेवाच्या गळ्यात पडेपर्यंत हारात उरले देठ आणि दोरा. दुसऱ्या हाराची तीच गत. पाहुण्यांना वाटलं, नवीन फॅशन असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओवाला ओरडला, "मॅडम, पाकळ्यायचा सीन परत एकडाव घ्या!" केतकीचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात नवरदेव हळूच माझ्याकडे वाकला. "मॅडम, हार आंब्यापाशी ठेवले होते का?"

"का?"

"पिकत्या फळातून गॅस निघते अन् त्यानं फुलं गळतात. तुमीच तं शिकवलं होतं! परीक्षेलेही आलं होतं."

केतकी रडता रडता फसकन हसली. मी स्टेजच्या पायऱ्या मोजत राहिले. वहिनीने पिशवीतून कापडी हारांची जोडी काढली.

"हे कधी आणलेस गं?"

"तुमी म्हणल्या नं, फुलायचं मी पाह्यतो, त्याच दिवशी."

दोन दिवसांनी रसाचं जेवण झालं. आंबे असे काही पिकले होते की एकालाही डाग नाही! "बाप्पा, असा रस तं जलमात नाई खाल्ला!" जावई चौथी वाटी ओरपत म्हणाला.

"ताईनं चिंध्या कोंबून खोली बंद केली नं," वहिनी म्हणाली. "गॅस कुठं जाईन?"

तेव्हापासून नात्यात मे महिन्यात लग्न निघालं, की मला आठ दिवस आधी मानाने बोलावणं येतं. आंबे पिकवायला!